‘पुसून ठेवा’ म्हणजे काय?

मित्रांनो, मी टपालाच्या तिकिटाएवढं एक जुनं मेमरी कार्ड आहे. मूर्ती लहान पण कीर्ती महान, असं माझं स्वतःबद्दल मत आहे. माझा जन्म झाला त्या कारखान्यात धुळीचा एक कणही चालत नसे. पुढचं आयुष्य मात्र धुळीतच गेलं.

एका फोटोवाल्या बाईंनी मला विकत घेतलं. सात वर्षं मी त्यांच्या कॅमेऱ्यात नांदलं. “मान वर, हनुवटी खाली,” असं त्या म्हणत आणि गिऱ्हाईक गोंधळून जाई. मला भारी मजा वाटे. फोटो संगणकात उतरवले की बाईंचे यजमान मला रिकामं करत. त्याला दुकानात ‘कार्ड पुसणं’ म्हणत.

एके दिवशी आमच्या गल्लीतले सुतारकाका आपल्या आईला आणि तिन्ही भावंडांना घेऊन आले. धाकटी बहीण अकरा वर्षांनी परदेशातून आली होती आणि दुपारीच परत निघणार होती.

“पाचही जण एका फोटोत घ्या हं,” आई म्हणाल्या. “परत कधी जमतील, देव जाणे.”

बाईंनी चाळीस फोटो काढले. मंडळी गेल्यावर मला काढताना मी निसटून फरशीवर धुळीत पडलं.

“अहो, हे जरा पुसून ठेवा,” असं म्हणत बाई जेवायला गेल्या. यजमानांनी नेहमीप्रमाणे मला पुसलं.

“एकदम कोरं केलंय!” बाई परतल्यावर ते ऐटीत म्हणाले.

बाईंनी कपाळावर हात मारला. “अहो, फडक्याने पुसायचं होतं! फोटो उतरवले कुठे होते?”

तोवर बहिणीचं विमान सुटलं होतं. बाई रडू लागल्या. मला ओरडून सांगायचं होतं, की फोटो आतच आहेत, पुसली गेली ती कुठला फोटो कुठे आहे याची नुसती यादी! पण मला तोंड कुठे? नवे फोटो वर बसले असते, तर मात्र जुने कायमचे गेले असते. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. बाईंनी डोळे टिपून मला पुन्हा कॅमेऱ्यात घालायला उचललं.

यजमानांनी त्यांचा हात धरला. “थांब. एक घोळ मी घातला, दुसरा तू नको घालूस. आधी संगणकवाल्या ताईंना दाखवू.”

ताईंनी तासभर खटपट केली. चाळीसच्या जागी एकेचाळीस फोटो निघाले! जास्तीचा एक, अगदी शेवटचा, बाईंनी काढताक्षणीच बिघडला म्हणून टाकून दिला होता. त्यात आई पन्नाशीच्या सुतारकाकांचा कान पिळत होत्या आणि बाकीची तिघं डोळे मिटून खदखदा हसत होती.

संध्याकाळी सुतारकाका फोटो बघायला आले आणि त्यांनी नेमकं त्याच फोटोवर बोट ठेवलं. “हाच मोठा करून द्या,” ते म्हणाले. “चार प्रती.”

आता मी खणात सुखाने निवृत्त आहे. मित्रांनो, आवडत्या फोटोंची एक प्रत दुसरीकडे जरूर ठेवा. आणि डोळे मिटले म्हणून फोटो टाकून देऊ नका. घरची माणसं कधी कधी तशीच सगळ्यात चांगली दिसतात.