अकराने भाग

१९ ऑक्टोबर, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. प्रयोगशाळेच्या खिडकीपुढे नऊ माणसे रांगेत होती आणि मास्तर नववे होते. तंत्रशाळेत सदतीस वर्षे लेथ यंत्रावरचे कातकाम शिकवलेल्या या माणसाच्या नजरेतून केसभर फरकही सुटत नसे. आज त्यांच्या एका हातात पत्नीच्या गाठीच्या तपासणीची पावती होती, दुसऱ्या हातात अहवाल. गाठ कर्करोगाची आहे, असे अहवाल सांगत होता. पण पावतीवरचा क्रमांक होता ५८३१७४२४, आणि अहवालावर नाव नव्हते, नुसता क्रमांक: ५८३१४७२४.

मागच्या बाकावरून पत्नी म्हणाली, "अहो, भांडू नका हं. त्या गॅसवाल्याशी भांडलात, तर आठवडाभर गार जेवलो."

अखेर खिडकी आली.

"हा आमचा नाही. सात आणि चार उलटे आहेत बघा."

खिडकीतल्या मुलीने चष्मा वर केला. "काका, पाकिटावर नाव तुमचंच आहे ना? कालपासून स्कॅनर बंद आहे, नंबर हातानं टाकलेत. बोट चुकलं असेल."

"असेल? असेल म्हणून माझ्या बायकोला आजारी ठरवता? पाकिटं बदलली असतील. या नंबराचा पेशंट शोधा."

"संगणक दुपारी सुरू होईल. तोवर तुम्हीच बघा ना. आमच्या प्रत्येक नंबराला अकरानं भाग जातो. भाग जावा असाच शेवटचा आकडा लावतो आम्ही. भाग गेला तर असेल कुणीतरी. नाही गेला, तर तसा पेशंटच नाही."

मास्तर खिडकीच्या कट्ट्याला टेकले आणि त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. कुणीतरी अनोळखी माणूस आजारी असावा, अशी त्यांनी मनोमन याचना केली. लगेच स्वतःची लाज वाटली, तरी याचना थांबली नाही.

आधी पावती. एकाआड एक अंकांची बेरीज: पाच, तीन, सात, दोन, सतरा. उरलेले आठ, एक, चार, चार, तेही सतरा. फरक शून्य किंवा अकराच्या पटीत असला की भाग जातो; इथे शून्य, म्हणजे जातो.

मग अहवाल. एका बाजूला चौदा, दुसऱ्या बाजूला वीस.

त्यांचा या युक्तीवरचा विश्वासच उडाला. पावतीच्या पाठीवर त्यांनी सरळ भागाकार मांडला. मांडणीची रेघ वाकडी आली. विद्यार्थ्याची असती तर त्यांनी ती पुसायला लावली असती. एकदा केला. पुन्हा केला. पत्नी उठून शेजारी येऊन उभी राहिली.

"काय हो, दुसऱ्याचाच आहे ना?"

"थांब. एकदा पडताळतो."

तिने त्यांचे कोपर धरले. त्यांनी तिसऱ्यांदा वरून सुरुवात केली आणि शेवटच्या चौऱ्याण्णवापर्यंत आले. अकरा आठे अठ्ठ्याऐंशी.

बाकी ६.