तीन किलोंच्या वर

मी एक जुना वजनकाटा आहे, तान्ह्या बाळांचा. पांढऱ्या पत्र्याचं पसरट तबक, खाली गोल चकती आणि तिच्यावर एक लाल काटा, एवढाच माझा पसारा. मित्रांनो, कारखान्यातून प्रसूतिगृहात आलो त्याच दिवशी एका बाळाने मला ओलंचिंब केलं. आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो, म्हणून मला कोण आनंद झाला!

तेव्हा रोज दहा-बारा बाळं माझ्यावर हातपाय झाडत. दारावर पाटी होती, ‘एकच मूल पुरे’. आमच्या मोठ्या नर्सबाई मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी आपल्यापुरता एक नियम केला होता. बाळ तीन किलोंच्या आत भरलं, तर आईकडे मूल बंद करण्याच्या ऑपरेशनचा विषय काढायचा नाही. वर भरलं, तर तिथेच माझ्याशेजारी तिची सही घ्यायची. धडधाकट बाळ जगणारच, असा त्यांचा साधा हिशेब. वरच्या साहेबांना हा नियम इतका पसंत पडला की वॉर्डाला मानाची ढाल मिळाली. मीही फुशारून गेलो.

एके सकाळी एका शिंपीणबाईची मुलगी माझ्यावर ठेवली. तीन किलो चारशे. सासू म्हणत होती, जरा थांबू या. शिंपीणबाईही घुटमळत होती. नर्सबाईंनी माझ्याकडे बोट दाखवून तिची समजूत घातली आणि तिने सही केली.

चार वर्षांनी ती मुलगी साध्या तापाचं निमित्त होऊन गेली. शिंपीणबाई पुन्हा आली. डॉक्टरांनी तिला तपासलं आणि कापलेल्या नळ्या आता जोडता यायच्या नाहीत, असं सांगितलं. मित्रांनो, मी वजन खोटं दाखवलं नव्हतं. पण मूल किती वर्षं जगेल, हे मला कुठे ठाऊक? शिकल्यासवरल्या माणसांनी ते माझ्यावरून ठरवावं, याचं मला आजही वाईट वाटतं. त्या ढालीची तर लाजच वाटते.

पुढे बाळं येईनाशी झाली. आठवड्याला एखादं आलं तर आलं. खाटा उचलून नेल्या, पलीकडच्या बालवाडीला कुलूप लागलं. आता साहेबांचे धाबे दणाणले. पाटी बदलली, ‘दुसरं मूल हवंच’. जुन्या कागदांवरून एकच मूल असलेल्या बायांची यादी काढली आणि सगळ्यांना पत्रं धाडली.

एका दुपारी शिंपीणबाई आली. इस्त्रीचे कपडे, केस नीट विंचरलेले. तिने पत्र माझ्या तबकात ठेवलं.

“बाई, तुम्हीच बोलावलंय. म्हणजे आता उघडता येतं ना?”

नर्सबाईंनी वाकून पत्र वाचलं. त्यांचा चेहरा उतरला. “नाही गं. यादी जुनी आहे. कुणी तपासलीच नाही.”

“मग मला बोलावलं कशाला?”

नर्सबाईंनी तिचा हात धरला. तिने तो हळूच सोडवून घेतला.

मित्रांनो, माझ्यावर धूळ साचली आहे, ती साचू द्या. पण मोठेपणी अशी एखादी यादी तुमच्या हाती आली, तर आधी त्या घराचं दार वाजवा. आत कोण आहे आणि कोण राहिलं नाही, ते विचारा. आमच्यातल्या कुणीच ते केलं नाही, आणि आता करूनही उपयोग नाही. शिंपीणबाई ते पत्र टाकून गेली नाही. घडी घालून, छातीशी धरून घरी घेऊन गेली. त्यात छापलं होतं, ‘अपत्य एक. मुलगी. वय वर्षे सोळा.’