खाऱ्या पाण्याने सारवलेली तख्ती

मी एक जुनी तख्ती, म्हणजे लिहायची लाकडी पाटी आहे, पण मित्रांनो, या नावाने मला आता कुणीच हाक मारत नाही. घरात मला थापी म्हणतात आणि मला घेऊन मळके कपडे बडवतात. धुण्याच्या दगडावर मला पाहिलंत, तर मी कधीकाळी रोज शाळेत जात होते हे तुम्हाला खरं वाटणार नाही. माझी मूठ मात्र नीट बघा. धुणं बडवायच्या लाकडाला इतकी नाजूक, दोरी ओवायला भोक पाडलेली मूठ कुणी करतं का?

दूर उत्तरेला, मेवातात, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात, नूरू सुताराने मला शिसवीच्या फळीतून कापलं. काचेच्या तुकड्याने घासून घासून त्याने मला इतकं गुळगुळीत केलं की माशी बसली तरी घसरावी. फजरूच्या मुलाला, रुजदारला, शाळेत घालायचं होतं, त्याच्यासाठी मी जन्मले. पहिल्या दिवशी रुजदारने मला ढालीसारखं छातीशी धरलं होतं. मीही तोऱ्यात होते, खोटं कशाला सांगू?

तख्तीवर बोरूने, शाईने लिहितात. संध्याकाळी ते धुवायचं, वर मुलतानी मातीचा पातळ हात द्यायचा आणि वाळवायचं, की सकाळी तख्ती पुन्हा कोरी. पण ही माती गोड्या पाण्यातच कालवावी लागते. आमच्या गावची विहीर खारी. खाऱ्या पाण्यातली माती वाळताना दिसते पांढरीशुभ्र, पण ऊन लागलं की तिचे पापुद्रे सुटतात आणि अक्षरं त्यांच्याबरोबर गळून पडतात. गोडं पाणी डोंगराच्या पायथ्याशी, कोसभर लांब. ते आणायचं बायकांनी आणि मुलींनी. शाळेतल्या बत्तीसच्या बत्तीस तख्त्या गोड्या पाण्याने सारवलेल्या असत, आणि त्या बत्तीस मुलांपैकी एकानेही ते पाणी आणलेलं नसे.

आमच्या घरी ते आणायची रहमती, रुजदारची थोरली बहीण. वय नऊ. रुजदार तिला बेबे म्हणायचा. पहाटे एक खेप, दुपारी एक खेप, आणि संध्याकाळी मला धुणं. मला धुताना ती रुजदारला विचारायची, "हे काय रे, शेपटीवालं?"

"र आहे, बेबे. तुझ्या नावातला आणि माझ्यापण."

"मग माझ्या नावातला तू कशाला शाळेत नेतोस?"

रुजदार हसायचा. पोर मनाचा वाईट नव्हता. उरलेली शाई तो तिला देई आणि ती माझ्या पाठीवर लिही. पुढून मी रुजदारची, मागून रहमतीची. दीड वर्षात माझ्या पाठीवरची अक्षरं पोटावरच्या अक्षरांपेक्षा सरळ आणि टपोरी झाली. हे मला कळत होतं, पण तख्तीला कोण विचारतो?

एकदा घाईत रुजदार पाठ न धुताच मला घेऊन गेला. धरमसिंग मास्तरांनी मला उलटून पाहिलं.

"हे कुणी लिहिलं रे? तुझ्या हाताला तर असं वळण सात जन्मात यायचं नाही."

"बेबेने, मास्तरजी."

"ती कुठे शिकते?"

"ती नाही शिकत. ती पाणी भरते."

मास्तर त्याच दिवशी घरी आले. फजरू खाटेवर हुक्का ओढत बसला होता. मास्तर म्हणाले, "फजरूभाई, पोरीला पाठवा. सरळ तिसरीत बसवतो."

"आणि पाणी तुम्ही भरणार का, मास्तरजी?"

"शाळा दहाला असते. पहाटेची खेप करून येईल."

फजरूने धूर सोडला. मग त्याच्या मनातलं खरं कारण बाहेर आलं. "लिहायला शिकलेली पोर उद्या कुणाला चिठ्ठी लिहील, याची हमी कोण देणार? बिरादरीत तोंड मला दाखवायचंय." मास्तर उठेनात, तेव्हा त्याने सुटका करून घ्यायला म्हटलं, "बरं. पुढच्या महिन्यात तपासणीवाले साहेब येतायत ना? त्यांनी तिचं लिखाण बघून सही केली, तर पाठवतो. नाही तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

तो महिना मी विसरणार नाही. रहमतीच्या बोटांची शाई जाईना. भाकरी थापताना ती पिठात बोटाने अक्षरं काढायची आणि आईच्या शिव्या खायची. रुजदारला नवी तख्ती आली आणि मी, उभ्या जन्मात पहिल्यांदा, दोन्ही बाजूंनी रहमतीची झाले.

तपासणीच्या दिवशी ती पहाटे पाण्याला गेली. पायथ्याच्या गोड्या विहिरीवर रांग होती. घागर घेऊन परतली तोवर ऊन वर आलं होतं. आदल्या रात्री उशिरापर्यंत लिहून दोन्ही तख्त्या भरल्या होत्या; तिने आधी भावाची सारवली, नेहमीसारखी. मग मला हातात घेतलं, तेवढ्यात फजरू आत आला.

"ती घागर दे. शाळेत पोचवायचीय."

"अब्बा, माझी तख्ती राहिलीय."

"साहेब खारा चहा पितील का? तुझ्याच सहीसाठी चाललंय ना हे? दे इकडे."

घागर गेली. दुसऱ्या खेपेला वेळ नव्हता. रहमती क्षणभर माझ्याकडे बघत उभी राहिली आणि मग तिने गावच्या विहिरीचं खारं पाणी शेंदलं. खाऱ्या पाण्याचा गुण तिला ठाऊक नव्हता असं नाही. तिने मला सावलीत वाळवलं. सावलीत बसून लिहिलं तर तासभर माती धरेल, असा तिचा हिशोब होता, आणि तो हिशोब बरोबर होता.

पण शाळेत मुलं ओसरीत बसली होती. मुलांच्या पंगतीत मुलगी कशी बसवायची? गावातल्या चार वडीलधाऱ्यांनी अब्रूचा विचार करून तिची जागा वेगळी, अंगणाच्या टोकाला काढली. तिथे लख्ख ऊन होतं.

तिने लिहिलं, मित्रांनो. दहा ओळी लिहिल्या, एकही चूक नाही. तिचा बोरू माझ्या अंगावरून फिरत होता तेव्हा मला माझ्या जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. साहेबांनी आधी ओसरीतल्या तख्त्या पाहिल्या. मग ते चहा प्यायले. चहा छान झाला आहे असंही म्हणाले. तोवर माझ्या अंगाची माती तडकू लागली होती. पहिला पापुद्रा सुटला तेव्हा रहमतीने तो बोटाने दाबून धरला. मग दुसरा सुटला, तिसरा सुटला. तिला दोनच हात होते.

साहेब आले. मी जवळजवळ उघडी होते. कुठे अर्धी मात्रा, कुठे एखादी वेलांटी.

"हिने काय लिहिलंय? काहीच नाही."

"साहेब, लिहिलं होतं. माती खारी..."

"बेटी, सगळ्यांना सारखीच तख्ती, सारखाच वेळ. त्यांची अक्षरं राहिली, तुझीच कशी गेली?"

साहेब दुष्ट नव्हते. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कागदावर शून्य घातलं. धरमसिंग मास्तर काही बोलायला पुढे झाले, तर फजरू म्हणाला, "मास्तरजी, तुमचा शब्द झाला, माझा झाला." विषय संपला.

घरी आल्यावर आई म्हणाली, "चला, निदान थापी तरी झाली." दुसऱ्या दिवशी रहमतीने गोधडी दगडावर टाकली आणि मला उचललं. पहिला फटका तिने हळू मारला. पण मळ हळू मारल्याने निघत नाही.

सतराव्या वर्षी तिचं लग्न झालं. सामानात दोन गोधड्या, एक परात आणि मी. सासरचं गावही खारंच. तिथेही पाणी लांब. माझे कोपरे झिजले, पोटाला उभी चीर गेली. एक गोष्ट मात्र कुणाला माहीत नाही. धुणं बडवण्याआधी रहमती ओल्या बोटाने माझ्या पाठीवर एक अक्षर काढायची. रोज एक. वाळायच्या आत त्यावर पहिला फटका बसायचा.

तिला मुलगी झाली, वकीला. तिचं नाव शाळेत घालताना रहमतीने नवऱ्याला एकच गोष्ट सांगितली, "तिच्या वाटणीचं पाणी मी भरीन." पाच वर्षं तिने रोज तीन-तीन खेपा केल्या. शाळेत तख्त्या गेल्या, वह्या आल्या. नळाचे पाइपही आले, पण पाणी काही आलं नाही. मागच्या महिन्यात डोंगरउतारावर रहमतीचा पाय घसरला आणि खुबा मोडला. आता ती खाटेवर आहे आणि घागर वकीलाच्या डोक्यावर. दप्तर माझ्या शेजारच्या खुंटीला टांगलेलं आहे.

काल शाळेचे मास्तर आले. कोण म्हणता? आमचा रुजदारच. बदली होऊन दोन वर्षांपूर्वी याच गावी आलाय. डोळ्यांना चष्मा, काखेत हजेरीपट.

"बेबे, सव्वीस दिवस झाले वकीला आली नाही. तीस झाले की नाव कापावं लागतं. मी तरी काय करू? नियम सगळ्यांना सारखा आहे."

रहमती म्हणाली, "नियम सारखा आहे. पाणी कुठे सारखं आहे, रुजदार?"

"म्हणजे?"

"ती खुंटीवरची थापी काढ. ओळखलीस?"

त्याने मला हातात घेतलं. मुठीतल्या भोकात त्याचं बोट आपसूक गेलं, लहानपणी जायचं तसं.

"त्या दिवशी तुझी तख्ती मी गोड्या पाण्याने सारवली," रहमती म्हणाली. "माझ्यासाठी ठेवलेलं पाणी साहेबांच्या चहाला गेलं. तू मास्तर झालास, चांगलं झालं, मला आनंद आहे. पण तुला कधी वाटलं का रे, की बेबेला लिहिता येत होतं, मग तख्ती कोरी कशी राहिली?"

रुजदारने मला मांडीवर ठेवलं. मामू आला म्हणून वकीलाने पाण्याचा लोटा आणून त्याच्यासमोर ठेवला होता. त्याने लोटा उचलला, तोंडापर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला. मग उठून त्याने मला खुंटीवर टांगलं आणि तो निघाला. काल तरी त्याने नाव कापलं नाही. तीस दिवस भरले की काय करील, मला माहीत नाही.

मित्रांनो, मी एक लाकूड, मला फार कळत नाही. पण तुमच्यापैकी कुणी उद्या मास्तर होईल, कुणी साहेब होईल. तुमच्यासमोर एखादी कोरी तख्ती आली तर शून्य घालण्याआधी एवढं विचारा, की ही कोणत्या पाण्याने सारवली होती, आणि इतरांचं पाणी कुणी भरलं? विचारायला एक मिनिट लागतं. न विचारल्याने काय होतं ते माझ्या अंगावर बघा.

आज सत्ताविसावा दिवस. पलीकडे शाळेची घंटा वाजते आहे, आणि वकीला घागर डोक्यावर घेऊन डोंगराकडे निघाली आहे.