शंभर टक्क्यांचा जाच

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलं नसेल. लॅपटॉपच्या पोटात, स्क्रूंच्या आड दडून बसलेली मी एक बॅटरी. जुनी झाले आहे खरी, पण मोडीत निघायला अजून तयार नाही. हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म कुठल्याशा परमुलखातल्या कारखान्यात झाला. त्यातलं मला फारसं आठवत नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते गोव्यातल्या डिचोलीत, सागर आणि रूपालीच्या घरी. सागर मूळचा दोडामार्गाकडचा. खनिजाच्या ट्रकावर ड्रायव्हर म्हणून इकडे आला आणि पुढे त्याने स्वतःचा ट्रक घेतला. मग खाणी बंद पडल्या आणि तो ट्रक दारात उभा राहिला. सागर बिचारा रोज त्याच्याकडे बघत बसायचा. रूपाली मात्र हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतली नव्हे. तिने कॉम्प्युटरचा कोर्स केला, म्हापशाहून हा लॅपटॉप आणला आणि मोप्याच्या विमानतळावर नोकरी मिळवायचीच असं मनाशी ठरवलं.

सुरुवातीला माझं काय कौतुक होतं म्हणून सांगू! लाइट गेली तरी माझ्या जोरावर रूपालीचा अभ्यास चालू राहायचा. शेजारणीसुद्धा मला बघायला येऊन गेल्या. मी अगदी फुशारून गेले होते.

पण घरात ट्रकवाला असला की बॅटरीचं शास्त्र त्याचंच चालतं. उभ्या ट्रकाची बॅटरी उतरली की ती कायमची जाते, हे सागर एकदा ठेच लागून शिकला होता. ट्रकाच्या बाबतीत ते खरंही आहे. त्या बॅटरीत शिसं आणि आम्ल असतं, तिला सदा भरलेली ठेवावी लागते. सागरने तोच नियम मला लावला. माझी वायर बोर्डातून काढायची म्हणजे त्याच्या दृष्टीने पापच. त्यात भर म्हणून लॅपटॉपला चरे पडू नयेत म्हणून खाली मऊ गोधडी घातलेली, आणि मेज जनेलाला, म्हणजे खिडकीला लागून, दुपारच्या उन्हात. खालून गोधडीची ऊब, वरून ऊन, आणि पोट सदा शंभर टक्के भरलेलं. तुम्हाला कोणी जेवल्यावर पुन्हा पुन्हा ताटावर बसवलं तर कसं वाटेल?

दसऱ्याला तर कहर झाला. ट्रकाबरोबर लॅपटॉपचीही पूजा झाली. हळदकुंकू, झेंडूचा हार, वर नवा कोरा टॉवेल, आणि आत चार्जिंग चालूच. हवा जायच्या फटी हाराने बुजलेल्या. देव झाले खरी, पण आत जीव कासावीस होत होता. मी आतून झिजत चालले आणि पडद्यावर मात्र शंभर टक्केच दिसत राहिले.

एके दिवशी रूपालीची नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखत आली. ती नाव सांगते न सांगते तोच लाइट गेली. मी सगळं बळ एकवटलं, पण बळ होतं कुठे? पडदा काळा पडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रूपालीने डोळे पुसले आणि फोन लावला. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी महिन्याभरानंतरची तारीख दिली, पण ही शेवटची संधी, हेही बजावलं. रूपाली तडक बाजारात प्रज्योतच्या दुकानी गेली. ह्या मॉडेलची नवी बॅटरी आता मिळत नाही, असं त्या दुरुस्तीवाल्याने सांगितलं. माझी अर्धीअधिक ताकद गेली होती आणि ती परत येणार नव्हती. उरलेली जपायची एवढंच हातात होतं, आणि ती कशी जपायची ते त्याने समजावून सांगितलं. मी फुगले नव्हते हे नशीब. फुगलेली बॅटरी तर वापरायचीच नसते.

रूपालीने घरी येताच गोधडी काढली, मेज सावलीत ओढलं आणि लॅपटॉपमध्ये शोधून चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबेल अशी सोय केली. सागर खवळला. बॅटरी ऐंशीवर ठेवतात कधी, असं म्हणत त्याने तिला वेड्यात काढलं.

रूपाली शांतपणे म्हणाली, "अवो, ही ट्रकाची बॅटरी नाय. हिका सारख्या पाजीत रवलात तर ही मरतली."

सागर दोन दिवस कुरकुरत राहिला. रूपाली ढळली नाही. मधूनमधून ती वायर काढून मला थोडं उतरू द्यायची, पण अगदी तळ गाठू द्यायची नाही. कित्येक वर्षांनंतर मला मोकळा श्वास मिळाला. मीही ठरवलं, आता हिच्यासाठी लढायचं.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी मात्र तिने मला शंभर टक्के भरलं. सागरने भुवया उंचावल्या. राबायच्या दिवशी भरायचं, नुसतं बसायच्या दिवशी नाही, एवढंच ती म्हणाली.

मुलाखत रंगात आली आणि लाइट गेली. घरातलं इंटरनेटही गेलं. सागरने धावत जाऊन आपला फोन आणला, त्यावरून नेट जोडून दिलं आणि रेंज मिळावी म्हणून तो फोन जनेलातून बाहेर धरून उभा राहिला. विमान चुकलेला प्रवासी आरडाओरडा करू लागला तर काय कराल, असा प्रश्न आला. रूपाली म्हणाली, "आधी त्याला बोलू देईन. मग पुढचं विमान शोधून देईन."

माझे टक्के भराभर उतरत होते. अंगाची लाही होत होती. नाही, मित्रांनो, आज मी पडणार नव्हते! पडद्यावर लाल खूण आली तरी मी तग धरला. शेवटी पलीकडच्या बाई हसल्या आणि सोमवारपासून रुजू व्हा म्हणाल्या. रूपालीने नमस्कार केला, लॅपटॉप बंद केला आणि मग मात्र ती हमसाहमशी रडली.

मित्रांनो, यंत्राची माया करताना आधी त्याचा स्वभाव विचारा. सदा वायरला जोडलेली माझी भावंडं तुमच्या घरी असतील, तर त्यांना दिवसरात्र काठोकाठ भरून ठेवू नका, उष्णतेत कोंडू नका. झिजलेलं आयुष्य परत भरता येत नाही.

सागरने कधी कुणाची माफी मागितलेली नाही. त्या दिवशी मात्र लाइट आल्यावर तो वायर घेऊन माझ्यापाशी आला. लॅपटॉपच्या तापलेल्या पाठीवर त्याने हात ठेवला आणि रूपालीला हळूच म्हणाला, "हिका आदी थंड होवंदे."