टाक्यांचा फोटो

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. जुना म्हटलं की लोक लगेच हळहळायला लागतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो, माझी कीव करायचं काही कारण नाही. मी जे पाहिलं ते आजच्या चकचकीत कॅमेऱ्यांच्या सात पिढ्यांना दिसायचं नाही.

मला दोन डोळे आहेत, एकाखाली एक. वरच्या डोळ्यातून माझा धनी बघतो आणि खालच्या डोळ्याने मी फोटो घेतो. मला कुणी नाकासमोर धरत नाही. पोटाशी धरतात, डोक्यावरचं झाकण उघडतात आणि आत वाकून बघतात. म्हणजे माझ्यातून कुणाला बघायचं असेल, तर आधी त्याच्यासमोर मान खाली घालावी लागते. ही गोष्ट लक्षात ठेवा.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. सुरतेच्या नानपुऱ्यातल्या एका पारशी गृहस्थांनी मला विलायतेहून येताना आणलं आणि पंधरा वर्षं माझ्याकडून आपल्या कुत्र्याचे फोटो काढून घेतले. कुत्रा देखणा होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ते वारल्यावर मी जुन्या बाजारात आलो आणि तिथून मला शालिग्रामभाऊंनी उचललं.

शालिग्रामभाऊ मूळचे खानदेशातले, पारोळ्याकडचे. सुरतेत येऊन त्यांनी नऊ वर्षं यंत्रमाग चालवला. मागांच्या खडखडाटाने त्यांचे कान मंद झाले. ऐकू कमी येई, म्हणून की काय, ते बघत मात्र फार. पुढे त्यांनी माग सोडला आणि उधन्यात एक छोटा फोटो स्टुडिओ काढला. माझं खरं आयुष्य तिथे सुरू झालं.

स्टुडिओत येणारी गिऱ्हाइकं म्हणजे मागांवरची, रंगाच्या मिलमधली तरुण पोरं. त्यांना गावी फोटो पाठवायचा असे. मागे कारंजं आणि दोन राजहंस रंगवलेला पडदा होता. बाजूला तिवईवर नुसता शोभेचा, तार तोडलेला टेलिफोन होता. आणि खुंटीला होता एक निळा कोट. कोट एकच आणि अंगं शंभर प्रकारची, म्हणून रंजनाताई, म्हणजे शालिग्रामभाऊंच्या पत्नी, तो पाठीमागून कपड्यांच्या चिमट्यांनी आवळून देत. समोरून बघावं तर शिंप्याने मापावर बेतलेला, मागून बघावं तर वाळत घातलेला. पण मी समोरूनच बघत होतो, आणि गावातली माणसंही.

रंजनाताईंकडे आणखी एक काम असे. निगेटिव्हवर भिंग धरून त्या चेहऱ्यावरचे डाग काढत. देवीचे वण पेन्सिलीने झाकत आणि जखमेचे व्रण बारीक पात्याने हलकेच खरवडून टाकत. त्यांचा हात एवढा सफाईदार होता की आपल्या चेहऱ्यावर डाग होता हे गिऱ्हाईकसुद्धा विसरून जाई. एकदा खरवडलेलं मात्र परत येत नसे.

सन १९९२ च्या उन्हाळ्यात कुंदन नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा आला. त्याच्या डाव्या भुवईवर सहा टाक्यांचा ताजा व्रण होता. मागावरचा धोटा, म्हणजे धागा घेऊन इकडून तिकडे पळणारं ते लाकडी टोकदार नळकांडं, उडून त्याच्या कपाळावर बसला होता. जखम भरेपर्यंत त्याच्या जागी दुसरा माणूस लागला. हे त्याने हसत हसत सांगितलं. मग म्हणाला, "ताई, एवढं भुवईवरचं काढी टाका. माय देखीन तं जेवणार नही."

रंजनाताईंनी मायेने व्रण खरवडला. शालिग्रामभाऊंनी फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का मारला. फोटो गावी गेला. सोबत पत्र गेलं की मी आता मुकादम झालो आहे.

चार दिवसांनी शालिग्रामभाऊ मला गळ्यात अडकवून पांडेसऱ्याकडे एका लग्नाला चालले होते. मिलच्या मागे कापडाच्या चिंध्यांचा डोंगर होता. त्यावर सात-आठ तरुण पोरं बसून चिंध्या निवडत होती आणि त्यात हा कुंदन होता. अंगात फाटकी बनियन. शालिग्रामभाऊ थबकले. कुंदनने मान फिरवली.

खरं सांगतो, त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. चार दिवसांपूर्वी मी या मुलाचा जो फोटो घेतला होता त्यात कोट दुकानाचा, टेलिफोन बंद आणि कपाळ रंजनाताईंचं होतं. त्याचं स्वतःचं त्यात काय होतं?

तेव्हापासून दर सुट्टीला आम्ही दोघं फिरू लागलो. ज्यांना कुणी मोजत नाही, ज्यांच्या झोपायच्या जागा रोज बदलतात, अशी ती तरुण मंडळी होती. कुणी ट्रकवर कापडाच्या गाठी चढवणारा, कुणी हातगाडी ओढणारा, कुणी घरातून पळून आलेला. पर्वत पाटियाच्या बाजूला काम मिळालं तर तिकडे, नाही तर पुन्हा उधना स्टेशनाबाहेर. शालिग्रामभाऊंची रीत ठरलेली होती. आधी शेजारी बसायचं. नाव विचारायचं, आणि कान मंद असल्यामुळे ते दोनदा विचारायचं. मग "काढू का?" म्हणायचं. होकार आला तरच माझं झाकण उघडे. मग ते मान खाली घालत. बंदूक रोखल्यासारखा कॅमेरा रोखणाऱ्याला ही पोरं शिव्या घालत, पण मान खाली घालणाऱ्याला काय बोलणार? पुढच्या आठवड्यात ज्याचा त्याचा फोटो हातात पडे. त्या फोटोंना रंजनाताईंचं पातं लागत नसे.

ताराचा फोटो मला अजून आठवतो. ती वीस वर्षांची, चिंध्या वेचणारी, जिभेने तिखट. फोटो बघून ती म्हणाली की मी एवढी रागीट दिसते होय, बरंच आहे, कुणी वाटेला जाणार नाही. कुंदननेही पुढे फोटो काढू दिला. कापडाच्या मोठ्या गाठीवर हात टेकून, सरळ माझ्याकडे बघत, भुवईवर सहा टाके. आता सगळे त्याला टाकेवालाच म्हणत. कुंदन हे नाव कुणाला ठाऊकही नव्हतं.

नातलग रंजनाताईंना विचारत की तुझा नवरा भिकारड्यांचे फोटो काढत का हिंडतो. त्यांचं उत्तर तयार असे की वरातीतल्या नवरदेवापेक्षा ही मंडळी बरी, निदान हलत नाहीत.

मग १९९४ चा सप्टेंबर आला. गणपती विसर्जन होऊन दोन-तीन दिवस झाले असतील, तोच शहरात प्लेगची बातमी पसरली. माग थांबले. नऊ वर्षं ज्या आवाजाने शालिग्रामभाऊंचे कान गेले तो आवाज पहिल्यांदाच बंद झाला. माणसं मिळेल त्या गाडीने गावाकडे निघाली. भुसावळकडे जाणाऱ्या गाड्यांच्या दारात लोक लोंबकळत होते. जो तो तोंडावर रुमाल बांधून होता. आमची मंडळीही बोचकं बांधून तयार होती.

नेमक्या त्याच सकाळी कुंदनची आई, सरलाबाई, दुकानात आल्या. सगळं शहर बाहेर चाललं होतं आणि ही बाई उलट्या गाडीने आत आली होती. गावातली बाकीची पोरं घरी परतली, एक कुंदन तेवढा परतला नव्हता. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. फोटोमागचा शिक्का लोकांना दाखवत त्या दुकान शोधत आल्या. त्याआधी दोन दिवस त्या मुलासाठी उधना पालथं घालत होत्या.

फोटो पुढे करून त्या आपल्या मुलाविषयी म्हणाल्या, "हाऊ मना आंडोर शे, भाऊ. मुकादम शे. कोठे देखा का?"

दोन दिवस त्या हेच सगळ्यांना विचारत होत्या, आणि सगळे नाही म्हणत होते. कोण हो म्हणणार? शहरात सगळ्यांची तोंडं रुमालाने झाकलेली. दिसायचे ते डोळे आणि भुवया. आणि या फोटोत कुंदनची भुवईच तेवढी खोटी होती.

रंजनाताईंनी फोटो हातात घेतला आणि भिंग लावून भुवई बघितली. आपणच सफाईने काय केलं ते त्यांना कळलं. आईला काळजी वाटू नये म्हणून खरवडलेला व्रण आता आईलाच मुलापर्यंत पोहोचू देत नव्हता. त्या निगेटिव्हचा उपयोग नव्हता. खरवडलेलं परत येत नसतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

मित्रांनो, इथे मी थोडी छाती फुगवली तर मला माफ करा. माझ्यापाशी दुसरा फोटो होता. चिवड्याच्या डब्यात शालिग्रामभाऊंनी माझ्या सगळ्या निगेटिव्ह जपून ठेवल्या होत्या. बांधलेलं बोचकं तसंच दारात टाकून ते अंधाऱ्या खोलीत शिरले. तासाभरात ओला कागद हातात घेऊन बाहेर आले आणि त्यांनी तो सरलाबाईंसमोर धरला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. कोट गेला होता, मुकादमकी गेली होती, भुवई फाटलेली होती. त्या रडल्या नाहीत. त्यांनी बोटाने कागदावरचा व्रण चाचपला, आणि मग पदर खोचला.

शालिग्रामभाऊंची गावची गाडी दुपारची होती, ती गेली. तिघं मला घेऊन बाहेर पडली. स्टेशनाबाहेर तारा भेटली. जायला गावच नसल्याने ती कुठेच गेली नव्हती. शालिग्रामभाऊंनी तिला आधी कोटातला फोटो दाखवला. तिने मान हलवली. मग दुसरा दाखवला.

"ये तो टाकेवाला है," ती म्हणाली. "टाके मिटा के पूछोगे तो कौन पहचानेगा?"

रंजनाताईंनी खाली बघितलं.

तारा आम्हाला पांडेसऱ्याच्या एका बंद मिलमध्ये घेऊन गेली. मागच्या शेडमध्ये कुंदन होता. त्याच्याजवळ महेश नावाचा त्याचा सोबती तापाने पडला होता. ताप आठवडाभर आधीचा, हिवतापाचा होता. पण त्या दिवसांत तापाचं नाव काढलं की लोक पळत, आणि कुंदन त्याला टाकून जायला तयार नव्हता. आईला दारात बघून तो उभा राहिला आणि त्याने पहिल्यांदा काय केलं असेल? हाताने भुवई झाकली.

सरलाबाईंनी तो हात बाजूला केला. "हाई कधय लागनं? माले काबर सांगं नही?"

तो म्हणाला की महेशला सोडून निघता येत नव्हतं हे खरं, पण महेश बरा झाला असता तरी मी गावी कसा आलो असतो? सगळ्या गावाने कोटातला फोटो पाहिला होता. कोट कुठून आणायचा?

"माले कोट नही पाहिजे," सरलाबाई म्हणाल्या. "माले तू पाहिजे."

महेशला दवाखान्यात नेलं. सरलाबाई त्याच्या उशाशी पाच दिवस बसल्या आणि तो उठून बसल्यावर दोघांनाही गावी घेऊन गेल्या. शालिग्रामभाऊ आणि रंजनाताई मात्र मग गावी गेलेच नाहीत. त्या रिकाम्या शहरात मागे राहिलेल्यांचे मी पाच रोल भरून फोटो घेतले. पुढच्या वर्षी ते उधन्यातल्या गणपतीच्या मांडवात दोरीवर लावले, प्रत्येकाखाली नाव लिहून. लोक आरतीनंतर तासन्‌तास उभे राहून बघत. तारा आपल्या फोटोखाली उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला दटावत होती की हात लावू नका. माझ्या आयुष्यात मला एवढा मान कधी मिळाला नव्हता.

त्यानंतर आमच्याकडेही जो तो रंगीत फोटोच मागू लागला, बटण दाबलं की आपोआप सगळं करणारे छोटे कॅमेरे घरोघरी आले. माझा मोठा रोल मिळेनासा झाला. फोटो घेताना उघडणारी माझी झडपही आता जड झाली आहे. आता १९९९ साल चालू आहे आणि मी काचेच्या कपाटात चामडी पिशवीत बसून असतो. पावसाळ्यात डोळ्यांवर बुरशी चढते. कुणी महिन्यातून एकदा मऊ फडक्याने पुसलं, थोडं ऊन दाखवलं, तर मी अजूनही काम देईन. जुन्या वस्तूंना फार काही लागत नाही, मित्रांनो.

माझ्या पिशवीत अजून एक वस्तू आहे. कुंदन गावी गेल्यावर महिन्याभराने टपालाने एक पाकीट आलं होतं. आत निळ्या कोटातला फोटो होता आणि कुणाकडून तरी लिहून घेतलेल्या दोन ओळी. "हा मुलगा आमचा नाही, तुमचा तुम्हाला परत. आमचा टाक्यांचा आहे, त्याचा फोटो पाठवा."

ते वाचून रंजनाताईंनी आपलं पातं दुकानाच्या ओट्यावर घासून बोथट केलं. भाजी चिरायलाही ते आता कामाचं नाही. आणि टाक्यांचा फोटो त्याच दिवशी खानदेशात रवाना झाला.

तेव्हा, मित्रांनो, कधी कुणी मला कपाटातून काढून तुमच्या हातात दिलं, तर घाई करू नका. समोरच्याला त्याचं नाव विचारा, दोनदा विचारा. झाकण उघडा, मान खाली घाला. आणि त्याच्या भुवईवर जे काही असेल ते तिथेच राहू द्या. त्याची आई कदाचित त्याला शोधत असेल.