प्रश्न बारावा: सल्ला कोणाचा?

"सर, आदीं निरो घेयात, मागीर तुमचो फॉर्म," म्हणत कृष्णनाथाने काजूच्या ताज्या रसाचा पेला माझ्या हातात दिला आणि तो पुन्हा दगडी कुंडीत उतरून पायांनी बोंडू तुडवू लागला. लाटंबार्से गावाच्या त्या उतारावर मी इस्त्रीच्या शर्टात, मांडीवर फॉर्मांचा गठ्ठा घेऊन बसलो. निवृत्त मास्तराच्या गळ्यात असली कामे कोणीही मारतो. दहावी होऊन दहा वर्षे झालेली मुले कुठवर पोचली, हे एका संस्थेला मोजायचे होते.

एकोणतीस फॉर्म मी हसतखेळत भरून घेतले. तिसावा, कृष्णनाथाचा, मुद्दाम मागे ठेवला होता. खरे सांगतो, मला भीती वाटत होती.

शाळेत शनिवारी दुपारी मी मुलांची कलचाचणी घ्यायचो. फार सुखाच्या दुपारी होत्या त्या. कृष्णनाथाने शाळेचा बंद पंप खोलून चालू केला, तेव्हा मी तिथल्या तिथे निकाल दिला की हा पोरगा खाणीवरच्या मशिनींसाठीच जन्मला आहे. निकाल सांगायला त्याच्या घरीही गेलो.

"मास्तर, खाण आज आसा, फाल्यां ना. काजीचीं झाडां थंयच आसतलीं," त्याचे वडील विठ्ठलबाब म्हणाले होते.

मी हसलो. एकदा बंद पडून पुन्हा सुरू झालेली खाण आता कशाला बंद पडते, असे तेव्हा डिचोलीत सगळेच म्हणत. आयटीआय करून कृष्णनाथ खाणीवर लागला आणि आठ महिन्यांत खाणी पुन्हा बंद झाल्या. विठ्ठलबाब आता नाहीत.

फॉर्मात दहा पायऱ्यांची शिडी छापली होती. सगळ्यात वर सुखाचे आयुष्य, तळाला हाल.

"तू खंयच्या पायरीर, सांग."

"सात बरयात."

"खरें सांग रे."

"सर, खाण बंद पडली तेन्ना दोन वर्सां घरांत बसून काडलीं. तेन्ना विचारूंक जाय आशिल्लें. आतां सात."

तेव्हाच विचारायला हवे होते, हे खरे. बारावा प्रश्न होता: दहावीनंतर मार्ग निवडताना कोणाचा सल्ला घेतला? तो वाचण्याऐवजी मी गठ्ठ्यातली पाने उगाच सारखी करू लागलो. कृष्णनाथाने हात पुसले, फॉर्म ओढून घेतला, स्वतःच उत्तर लिहिले आणि घडी घालून परत दिला.

"वतना सांबाळून वचात, सर. देंवती आसा," तो उताराकडे बोट दाखवत म्हणाला.

बसथांब्यावर मी घडी उघडली. त्याने लिहिले होते, 'कोणाचाच नाही. माझे मीच ठरवले.'

माझ्यावर बोल येऊ नये म्हणून पोराने सगळे स्वतःवर घेतले होते. आणि त्यातच मी त्याच्या आयुष्यातून पुसला गेलो होतो. वाईट कशाचे जास्त वाटले, ते मला अजून सांगता येत नाही.

उत्तरात फेरफार करू नये, अशी फॉर्मवर सक्त सूचना होती. मी त्या ओळीवर रेघ मारली आणि खाली माझे नाव लिहिले, 'गुरुदास गावस, शिक्षक.'

अक्षर जरा वाकडे आले.