पाचव्या नावानंतर

मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४, सकाळचे दहा वाजून पाच मिनिटे. टेबलावर कागद तेवीस. अमेरिकेतल्या नोव्हाय गावी, मुलाच्या घरात त्या वेळी आम्ही तिघेच होतो : मी, नात सई आणि पलीकडच्या खोलीत अंथरुणाला खिळलेल्या माझ्या विहीणबाई, नोरा. वय चौऱ्याऐंशी. डॉक्टरांनी पंधरवड्याची मुदत सांगितली होती. त्यातले नऊ दिवस संपले होते.

नोरांची खापरपणजी ब्रिजिट १८४८च्या दुष्काळात आयर्लंडमधल्या मेयोहून सात मुलांना घेऊन अमेरिकेस निघाली. शेताचा भाडेपट्टा तिने सोबत आणला. त्याच्या पाठीवर मुलांची सात नावे आहेत आणि पाचव्या-सहाव्या नावांच्या मधली ओळ कोरी आहे. त्या ओळीचे बाळ बाप्तिस्म्याआधीच गेले. अशा बाळाला तेव्हा चर्चच्या आवारात जागा मिळत नसे. 'आपल्याच जमिनीच्या कोपऱ्यात आहे', एवढेच पुढच्या पिढ्यांना सांगितले गेले. नोरा रोज प्रार्थनेनंतर ती नावे घेत. पाच नावे, मग श्वासभर शांतता, मग दोन. त्या शांततेत कॅल्क्युलेटरवरची माझी बोटे आपोआप थांबत.

मेयोतल्या पाद्रींनी कळवले होते, 'शेत नेमके दाखवा, मी तिथे जाऊन प्रार्थना म्हणतो.' जाण्यापूर्वी नोरांना ती प्रार्थना ऐकायची होती. शोध माझ्याकडे आला, कारण तंत्रनिकेतनातली सर्वेक्षणाची पदविका आणि भूमी अभिलेख खात्यातली चौतीस वर्षे माझ्या गाठीशी होती. पट्ट्यात लिहिले होते : ओढ्यालगत, अकरा एकर. १८३८च्या नकाशावर तेवढे शेत एकच निघाले. त्याच्या चारही कोपऱ्यांत काहीही नव्हते.

"श्रीराम, तुमच्या खात्यात एका शेताला किती दिवस लागत?" नोरांनी आतून विचारले.

"अर्जदाराने तुमच्यासारखी घाई केली, तर वर्षभर."

त्या हसल्या, खोकल्या. मग म्हणाल्या, "तेवढी सवड नाही हो मला."

सई लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, "आजोबा, हे वेअर्ड आहे. तिथला जुना एकर वेगळा होता म्हणे. वन पॉइंट सिक्स टू टाइम्स मोठा. तुम्ही कुठला धरलात?"

मी चाळीस गुंठ्यांचा धरला होता. बिघा गावोगाव बदलतो, असे नवशिक्यांना बजावणारा मी, एकर मात्र जगभर एकच समजून चाललो होतो.

पुन्हा गुणाकार केला. सतरा एकर तेहतीस गुंठे. एवढे शेत मी पहिल्याच दिवशी मोजून बाद केले होते. त्याच्या वायव्य कोपऱ्यात ठिपक्यांचे लहानसे वर्तुळ होते आणि बारीक अक्षरांत लिहिले होते : मुलांचे दफनस्थान.

मी पेन्सिल खाली ठेवली. १९७४ साली आमची मुलगी सहाव्या दिवशी गेली. आमच्यातही तान्ह्या बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतात. वर्धा नदीच्या काठावरून परतताना वडील म्हणाले, "मागे पाहू नकोस." मी पाहिले नाही, पण पावले मोजली. खड्ड्यापासून बाभळीपर्यंत बेचाळीस. बारसे व्हायचे होते. पुढे कोणी 'मुले किती' असे विचारले, की माझी पत्नी उत्तरा क्षणभर थांबे, मग म्हणे, "एक." उत्तरा गेली तोवर आम्ही त्याविषयी बोललो नाही.

गुरुवारी पाद्री त्या कोपऱ्यात उभे राहिले. सईने फोन नोरांच्या उशीशी धरला. आधी वारा ऐकू आला, मग प्रार्थना. ती संपल्यावर नोरांनी नावे घेतली. पाच झाली, शांततेच्या जागी त्या हळूच म्हणाल्या, "बाळ." मग उरलेली दोन.

सई बाहेर गेली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"आणि तुमचे, श्रीराम?"

"माझे काय?"

"इथल्या भिंती पातळ आहेत. मी थांबते, तेव्हा तुमची टकटकही थांबते. रोज."

मी त्यांना बाभूळ सांगितली. पावलेही सांगितली.

नोरा रविवारी गेल्या. आठवड्याने सईने दोन्ही घराण्यांचा वंशवृक्ष तपासायला माझ्यापुढे ठेवला. ब्रिजिटच्या खाली तिने आठ लिहिले होते. माझ्या नावाखालचा आकडा मी बदलला.

"आजोबा, टायपो झाला का माझा?"

"नाही. बस, सांगतो."

अपत्ये : दोन.